मुख्याध्यापक सर, मॅडम, यंदा मला भाषणाला बोलावू नका

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांचे सर्व मुख्याध्यापक

सर, मॅडम, नमस्कार.

मी शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न शॉप चालवते. फौंड्रीत लोखंड ओतण्याआधी वाळूत ज्या वस्तूचा ठसा उठवायचा असतो, ती लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची वस्तू आम्ही बनवतो. वडिलांनी सुरू केलेलं काम, गेली एकोणीस वर्षं मी बघते. अजूनही नवीन माणूस दारातून डोकावतो आणि मला विचारतो, "मालक आहेत का?" असो. तर 'महिला उद्योजिका' हे शब्द पत्रिकेवर बरे दिसत असावेत, कारण दहावीचा निकाल लागला की शाळांचे फोन सुरू होतात. गुणवंतांचा सत्कार आहे, त्यातच करियर मार्गदर्शन ठेवलंय, अर्धा तास बोला.

मी जाते. आतापर्यंत नऊ शाळा झाल्या. पूर्वी शाल आणि नारळ मिळायचा, आता नारळाऐवजी रोप मिळतं. ती रोपं मात्र छान जगलीत, शॉपच्या दारात ओळीनं उभी आहेत. भाषणांचं काय झालं ते मला सांगता येणार नाही. म्हणून हे पत्र.

हॉलमध्ये काय चित्र असतं ते तुम्हाला माहीतच आहे. पुढच्या रांगेत गुणवंत, त्यांच्या मागं पालक, आणि पार मागं दाराजवळ, ज्यांच्यासाठी खरं तर हा कार्यक्रम हवा, ती पोरं. त्यांतल्या निम्म्यांचा अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरून झालेला असतो. पसंतीक्रम घरात नाहीतर नेट कॅफेत ठरलेला असतो. त्यावर मी उभी राहून 'स्वतःला ओळखा' म्हणायचं. मुलांच्या प्रश्नांची वेळ येते तेव्हा आभारप्रदर्शनवाले उठून उभे राहिलेले असतात. तेवढ्यात एखादं धीट पोरगं विचारतं, "मॅडम, पगार किती पडतो?" मला हा प्रश्न आवडतो. निदान तो खरा असतो.

मागच्या खेपेला मी भाषण बाजूला ठेवलं. सगळ्यांना कागदाचा एकेक तुकडा दिला आणि म्हटलं, एखादं काम करणाऱ्या माणसाला तुम्ही सलग तासभर जवळून बघितलं असेल, तर त्या कामाचं नाव लिहा. मोबाइलवर बघितलेलं चालणार नाही. कागद उलटा करून मागं लिहा, तुम्हाला काय व्हायचंय.

पुढच्या बाजूला काय आलं? शिक्षक. शेती. म्हशीची धार काढणं. किराणा दुकान. रिक्षा. एकानं 'आईचा स्वयंपाक' लिहिलं होतं, त्या पोराचं मला कौतुक वाटलं. एका मुलीनं लिहिलं, 'नर्स, आजी सीपीआरमध्ये होती तेव्हा.' (सीपीआर म्हणजे आपलं सरकारी रुग्णालय.) बहुतेक कागदांवर तीन-चार नावं, त्यापुढं रिकामं. आणि मागच्या बाजूला इंजिनिअर, डॉक्टर, कलेक्टर, आयटी, पीएसआय. पुढं लिहिलेलं एकही काम मागं नाही, असे कागद ढीगभर निघाले. दोन्ही बाजूंना एकच नाव होतं ते त्या नर्सवालीच्या कागदावर.

सोयरीक जमवायची तर आपण आधी घर बघून येतो, विहिरीला पाणी आहे का ते सुद्धा बघतो. आणि चाळीस वर्षांचं काम मात्र पोरानं न बघता पसंत करायचं.

मी हे बाहेरून सांगत नाही. आमच्या घरापासून वडिलांचं शॉप चालत दहा मिनिटांवर होतं, आणि वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत मी त्याच्या आत गेले नव्हते. डबा द्यायला जायचे ते दारापर्यंत. 'भुश्श्यात कशाला येतेस' म्हणून वडील दारातूनच परत पाठवायचे. चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही मी ए ग्रेडमध्ये पास झाले होते. दहावीनंतर एका शिक्षकांना घरच्यांनी विचारलं, तर ते म्हणाले, अक्षर चांगलं आहे, कॉमर्स घेऊ दे, बँकेत लागेल. बी.कॉम. झालं. बँकेत लागले नाही. मग वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि देणी-घेणी बघायला म्हणून मी पहिल्यांदा शॉपच्या आत पाऊल टाकलं. टेबलावर एका पंप बॉडीचं ड्रॉइंग पसरलेलं होतं. समोरून, वरून, मधोमध कापून असे तीन व्ह्यू. मिस्त्री मला समजावून सांगायला आले, पण तोवर ती वस्तू माझ्या डोळ्यांपुढं अख्खी उभी राहिली होती. हे मला जमतंय हे कळायला बावीस वर्षं गेली, आणि ते होतं दहा मिनिटांवर.

त्या शिक्षकांवर माझा राग नाही. त्यांनी तरी पॅटर्न शॉप कुठं बघितलं होतं?

आता पट्टीची गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी एका हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाई नववीची सहा मुलं घेऊन आमच्याकडे आल्या. भाषण नाही, सत्कार नाही, सकाळी दहा ते एक नुसतं बसायचं आणि बघायचं. त्यांत एक मुलगा होता, कुणाशी फारसं न बोलणारा. तो मिस्त्रींच्या बाकाजवळ जाऊन बसला. मिस्त्री लाकडावर माप टाकत होते. हा थोडा वेळ बघत राहिला, मग दप्तरातून कंपासपेटी काढली, आपली पंधरा सेंटिमीटरची पट्टी मिस्त्रींच्या स्टीलच्या पट्टीला लावली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, ही पट्टी खोटी हाय."

शून्याला शून्य जुळवलं होतं त्यानं, आणि पंधराच्या खुणेपाशी दीड मिलिमीटरचा फरक पडत होता.

पट्टी खोटी नव्हती. चौदाशे अंशांच्या आसपास ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आक्रसतं, साधारण शंभराला एक या हिशेबानं. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवावा लागतो. प्रत्येक मापाला हा हिशेब करत बसायला नको, म्हणून पॅटर्नवाल्याच्या पट्टीवरचा सेंटिमीटरच मुळात थोडा मोठा आखलेला असतो. नवीन लागलेल्या कामगारांनाही आम्हाला हे सांगावं लागतं. या पोरानं ते अर्ध्या तासात न सांगता पकडलं. वर विचारलं, "मग ॲल्युमिनियमला पण हीच पट्टी चालती?" चालत नाही. ते जास्त आक्रसतं, त्याची पट्टी निराळी. मी खण उघडून ती दाखवली, तर दोन्ही पट्ट्या एकमेकींना लावून तो जेवणाची सुट्टी होईपर्यंत तिथंच बसला.

जाताना बाई हळूच म्हणाल्या, "गणितात काठावर पास होतो हो हा."

तो पॅटर्नमेकर होईल असं मी म्हणत नाही. पुढं तो काय करेल कुणास ठाऊक. पण त्याच्या नजरेला दीड मिलिमीटर दिसतो ही गोष्ट त्याला स्वतःला, त्याच्या बाईंना आणि मला एकाच वेळी कळली, आणि ती कुठल्याही गुणपत्रिकेवर आलेली नव्हती. त्याच सहा जणांत वर्गात पहिली येणारी एक मुलगी होती. मेकॅनिकलच करायचं असं ठरवून आलेली. सँडिंगची धूळ आणि लाकूड कोरणाऱ्या राउटर मशीनचा आवाज तासभर सोसल्यावर तिनं स्पष्ट सांगितलं, मला इथं नाही काम करता येणार. मग कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल करणाऱ्या पोरीशेजारी जाऊन बसली आणि तिथून हलेना. चार वर्षं आणि काही लाख रुपये घालून कळणारी गोष्ट तिला एका सकाळीत फुकट कळली. नको असलेलं लवकर कळणं हेही मार्गदर्शनच आहे की.

चाचण्यांबद्दलही थोडं बोलू द्या. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी व्हायची. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा गटांत मुलाचा ओढा कुठं आहे ते ती सांगायची. मी तिला नावं ठेवणार नाही, कारण पोराला काय आवडतं हे निदान कुणीतरी विचारत होतं. पण आवड आणि कुवत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आवडीची प्रश्नावली भरताना मूल त्याला ठाऊक असलेल्या जगातूनच उत्तर देतं. 'यंत्र दुरुस्त करायला आवडेल का?' या प्रश्नाला, ज्यानं यंत्र उघडलेलंच बघितलं नाही तो काय खूण करणार? आमच्या भाच्याचा कल 'कृषी' आला, तेव्हा घरात सगळे हसले. तो कागद कपाटात गेला आणि भाचा सायन्सला.

दुसरा एक प्रकार मात्र तुम्ही शाळेच्या दारातच अडवा. बोटांचे ठसे घेऊन मुलाचा मेंदू कुठल्या करियरला योग्य आहे ते सांगणारे लोक शाळाशाळांतून फिरतात. रंगीत फाइल देतात, तक्ते काढतात. ठशांच्या रेषा पोर आईच्या पोटात असतानाच ठरतात, आणि त्यावरून बुद्धी किंवा आवड कळते याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनंही हे स्पष्ट सांगितलंय. त्यापेक्षा अंबाबाईच्या देवळाबाहेरचा पोपटवाला परवडला, तो दहा रुपयांत सांगतो.

मग मार्गदर्शनात माहिती द्यायचीच नाही का? द्यायची. पण ती एका तक्त्यावर मावते, त्यासाठी पाहुणा कशाला? आठवीच्या वर्गाबाहेर तक्ता लावा. त्यावर लिहा की अकरावीला गणित सोडलं की पुढं आर्किटेक्चरचं दार बंद होतं. माझ्या ओळखीच्या एका मुलीला हे बारावीनंतर कळलं. आमच्याकडच्या थ्रीडी मॉडेलवर आज तीच बसते, पण घरांचे नकाशे काढायची तिची हौस राहून गेली. लिहा की एनडीएला आर्मीसाठी कुठलीही शाखा चालते, पण नेव्ही आणि एअर फोर्ससाठी बारावीला भौतिक, रसायन आणि गणित लागतं, आणि २०२१ पासून मुलींनाही ती परीक्षा देता येते. लिहा की २०२२ पासून अग्निवीर म्हणून लागणाऱ्याची नोकरी चार वर्षांची असते आणि त्यांतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढं कायम करतात. आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे, पहाटे रस्त्यारस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं आहेत. त्यांना कुणी थांबवू नये. पण पाचव्या वर्षी काय, हा प्रश्न सतराव्या वर्षीच त्यांच्यासमोर यायला हवा.

आणि आयटीआय म्हणजे संपलं, असं समजणाऱ्या पालकांसाठी मोठ्या अक्षरात लिहा. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड, त्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, डिप्लोमावर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे दोन, दोन आणि तीन, सात वर्षं. अकरावी-बारावी करून डिग्रीला सहा लागतात. एकाच वर्षाचा फरक, आणि हात मात्र सोळाव्या वर्षापासून मशीनवर. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी, व्हीएमसी ही कॉम्प्युटरवरची मशीनं चालवणाऱ्यापेक्षा सेटिंग करणारा माणूस मिळणं अवघड झालंय. हे मी ऐकीव सांगत नाही, मलाच मिळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं ठीक आहे, पण शाळेनं करायचं काय? नवीन काही काढायला नको. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितलेत. त्या दिवसांत मुलांनी गावातल्या कारागिरांकडे जाऊन काम शिकावं, असं तिथं म्हटलंय. सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशी नावं त्यात आहेत. पहिलं नाव सुताराचं. वडील असते तर त्यांना मी ती ओळ वाचून दाखवली असती. पण माझ्या माहितीतल्या शाळांत हे दिवस रांगोळी, पाककला आणि पन्हाळ्याच्या सहलीत संपतात. सहल हवीच. पण दहापैकी चार दिवस तरी कामाच्या जागी द्या, आणि ते नववीपर्यंत न्या.

साठ मुलांची बस आणू नका, एवढं मात्र हात जोडून सांगते. साठ आली की ती सहल होते, मालक माहिती देतो, पोरं मागं ढकलाढकली करतात. पाच-सहाच आणा. अर्धा दिवस ठेवा. जमलं तर त्याच ठिकाणी महिन्याभरानं पुन्हा पाठवा, कारण पहिल्या दिवशी सगळंच भारी वाटतं. मालकाचं ऐकू नका, काम करणाऱ्या एका माणसाशेजारी बसा. त्याला विचारा, पहिला पगार किती होता, शिकायला किती दिवस लागले, आणि या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कुठला. हा शेवटचा प्रश्न त्या नववीच्या पोरांनी आमच्या मिस्त्रींना विचारला. मिस्त्री हसून म्हणाले, "पेपर मारणं. पॅटर्नला दिवसभर सँडपेपर मारत बसायचा. कुणी बघत नाही, पण तिथं चुकलं की वाळू फाटते." माझ्या नऊ भाषणांत एवढं खरं वाक्य आलं नव्हतं.

जागा तर आपल्याकडे हाक मारून बोलावण्यासारख्या आहेत. हुपरीत चांदी, इचलकरंजीत माग, आजरा-चंदगडात काजू, हंगामात गुऱ्हाळं. कोर्टात जाऊन बसा, तिथं कुणालाही बसता येतं. २०२५ च्या ऑगस्टपासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय. वकील सोडूनही किती माणसं त्या इमारतीवर जगतात ते मुलांना मोजू दे. रक्तपेढी, वर्तमानपत्राचा छापखाना, दूध संघाची प्रयोगशाळा, ब्युटी पार्लर, जनावरांचा दवाखाना. आणि चपलांचं काम. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या तेव्हा आपण सगळे चिडलो, स्टेटस ठेवले. पण चपला बनवणाऱ्या सुभाषनगरातलं पोरगं घरी आईला चपलेची वेणी घालायला मदत करतं हे वर्गात सांगायला लाजतं. त्याच्या घरी वर्गातली पाच मुलं अर्धा दिवस बसून शिकली आणि त्यानं त्यांना शिकवलं, तर त्या वर्गात काय होईल ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

स्वप्नील कुसाळेचा फोटो तुमच्या फलकावर असेलच. कांबळवाडीचा मुलगा, २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्य. पोरांना पदक माहीत आहे. तो २००९ पासून क्रीडा प्रबोधिनीत होता आणि रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करत करत तिथवर पोचला, हे किती जणांना माहीत आहे? मधली पंधरा वर्षं दाखवल्याशिवाय फोटो लावू नका, असं मला म्हणायचंय.

तुमच्या अडचणी मला समजतात. वरून परवानगी, पालकांची संमती, अपघात झाला तर कोण, त्यात शिक्षकांना निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या. कायदाही स्पष्ट आहे. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावता येत नाही आणि अठराच्या आतल्याला धोक्याच्या कामावर नाही. म्हणून तर बघायला पाठवा म्हणते. मशीनला हात नाही, भट्टीपाशी पिवळ्या रेषेच्या पलीकडे पाय नाही, सोबत एक शिक्षक. "शाळेत शिकायला पाठवलंय, हमाली बघायला नाही," म्हणणारे पालकही भेटतील. त्यांनाच सहावा म्हणून बरोबर घेऊन या. उद्यमनगर, शिरोली, कागलमधल्या माझ्या भावांनाही इथंच सांगते: पोरं आली तर त्यांना कोपऱ्यात झाडू देऊ नका आणि कंपनीचा व्हिडिओही दाखवू नका. खुर्ची द्या आणि तुमच्यातला सगळ्यात जुना माणूस द्या.

राजर्षी शाहूंच्या फोटोला हार घालूनच आपले सगळे कार्यक्रम सुरू होतात. त्यांनी १९०१ मध्ये वसतिगृह काढलं आणि १९०६ मध्ये मिल काढली, त्याआधी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली. शाळा आणि धंदा या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात लांब लांब नव्हत्या. मध्ये कधी लांब गेल्या कळत नाही.

तर यंदा शाल नको, रोपही नको, दारात आता जागा उरली नाही. माझ्याकडे जुलै ते सप्टेंबर दर गुरुवारी सकाळी दहा ते एक सहा मुलांची जागा राखून ठेवलीय. चहा-बिस्किटं शॉपची. गुणवंत पाठवायचेच असतील तर तीन पाठवा, उरलेले तीन दाराजवळ बसणाऱ्यांतले असू देत. पायात बूट हवेत, चप्पल चालणार नाही. आणि प्रत्येकाला कंपासपेटी आणायला सांगा. पट्टी लागेल.

आपली,
उद्यमनगरातली एक पॅटर्नवाली